भिंतीपाशी ठेवलेला भात आणि कोल्हा

मंडळी, आज सकाळी सहाला दूध आणायला निघाले, तर आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीच्या मागच्या गेटपाशी कोल्हा. आधी कुत्राच वाटला. झुपकेदार शेपटी दिसली आणि मी जागीच थांबले.

तो निवांत भात खात होता. माझाच भात. उरलेलं अन्न कचऱ्यात टाकणं जिवावर येतं, म्हणून जेवणं झाली की मी ते कुत्र्यांसाठी त्या गेटशेजारच्या भिंतीपाशी ठेवते.

आठपर्यंत कोल्ह्याची बातमी पसरून सोसायटीच्या ग्रुपवर 'वनखात्याला अर्ज करू, पिंजरा लावा' सुरू झालं होतं. दारावर आलेल्या मासेवाल्या मावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, "खाडीकडचा हाय तो, बाय. आमी रोज बघतो. तुमी वाढता म्हनून इथं येतो."

मी ग्रुपवर लिहिलं, "भात मी ठेवत होते. आजपासून बंद. पिंजऱ्याच्या अर्जावर माझी सही मिळणार नाही."

ग्रुपवर नाही, पण तिघींचे मला वेगळे मेसेज आले, "अगं, आम्हीपण ठेवतो. नाव सांगू नकोस."

नाव नाही सांगणार. पण उद्या सकाळी सहाला मी त्या भिंतीपाशी उभी असेन, रिकाम्या हातांनी, कुणी भात ठेवलाच असेल तर तो उचलायला. तुमच्या सोसायटीत कोण उभं राहील?