नारळावरचा हात

आमच्या कोकणातल्या गावाची भांडणं लालबागला मिटतात. तिथं चाळीतल्या एका खोलीत गावाचं मंडळ आहे. बांधावरून, विहिरीवरून वाजलं की दोन्हीकडची माणसं त्या खोलीत जमतात आणि निवाडा आमच्या घराण्यातल्या माणसानं द्यायचा असतो. वडील गेले आणि ही ब्याद माझ्या गळ्यात पडली. मी बँकेतला कारकून. समोरच्यानं आवाज चढवला की मी लगेच हो म्हणतो.

त्या वर्षी दोन भावांची जमिनीवरून जुंपली होती. शेजारून हायवे जाणार म्हटल्यावर धाकट्यानं हद्दीचा दगड सरकवून थोरल्याची काजूची बाग घशात घातली. माझी मुलगी दर मे महिन्यात त्या बागेत खेळायची. दगड मूळचा कुठं होता हे सांगणारा तिऱ्हाईत मी एकटाच उरलो होतो. वडिलांनी तो फणसाच्या मुळाशी रोवला, तेव्हा मी सोबत होतो.

बैठकीच्या आदल्या दिवशी धाकटा परळला माझ्या बिल्डिंगखाली भेटला. गोड बोलला.

"दादा, पोरगी उद्या रविवारी पण सातला सुटते ना क्लासमधून? एकटीच येते?"

मी हो म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. वर येऊन मी दाराला आतून कडी घातली.

रविवारी दुपारी खोली गच्च भरली. निवाडा देणाऱ्यानं आधी ग्रामदेवतेच्या तसबिरीपुढच्या नारळावर हात ठेवायचा, ही आमची रीत. मी ठेवला. बोटं ऐकेनात. नारळ ताटलीत खडखडायला लागला आणि सगळी खोली ते ऐकत राहिली. धाकटा माझ्याकडे बघतही नव्हता. तो मोबाइलवर वेळ बघत होता.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

म्हणजे दगड आता आहे तिथंच राहणार. माणसं उठायला लागली. थोरला दाराशी चपला शोधत होता. तो मला शिव्या घालेल असं वाटलं, घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझ्या बापाशीचो हात पण असोच थरथरायचो," तो हळू म्हणाला. "पण तो बोलायचो."

सात वाजून दहा मिनिटांनी मुलगी सुखरूप घरी आली. मी तिचं दप्तर घेतलं.

"बाबा, बाग थोरल्या काकांनाच दिलीत ना?" तिनं विचारलं.

मी चहा ठेवायला आत गेलो.