टेबल धरणारी आई

नरेश मोठा गुणाचा लेक. सिंगापूरला आणलेल्या आईला दर रविवारी न चुकता समुद्रावर न्यायचा. समुद्र बघायचे तो, बायको एकता आणि मुलगी जाई. आई, लीलाबाई, तिथल्या हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या, गर्दीत जेवणाचं टेबल धरून बसायच्या. साताऱ्याला फोनवर मात्र ठसक्यात सांगायच्या, "माझ्यावाचून यांचं पान हलत नाही."

एकदा जाईने शेजारच्या रिकाम्या टेबलावरचं टिश्यूचं पाकीट दाखवलं. "बाबा, इथे एवढं ठेवलं तरी टेबल कोणी घेत नाही."

"अरेच्चा! मग आईला उगाच ओढत आणतो आपण," नरेश हसला.

पुढच्या रविवारी लीलाबाई ठेवणीतली साडी नेसून, चपला घालून दाराशी उभ्या होत्या. एकताने पर्समध्ये टिश्यूचं पाकीट टाकलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं.