मोहाखालचा सराव

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मुलचेऱ्याहून मी एका दैनिकाला बातम्या पाठवत असे आणि सकाळी बारा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवत असे. आसपासच्या बंगाली गावांत फुटबॉल घरोघरी होता. संघातली निम्मी मुलं तिथली, काही बाजारातल्या घरांतली आणि चौघं जंगलालगतच्या एका गोंड गावातली. त्या चौघांत एक मुलगी होती. गोलकीपर तीच.

नियम एकच होता: आठवडाभर सरावाला येईल तोच रविवारी खेळेल. थंडीत अंथरूण न सोडणाऱ्यांसाठी तो केला होता आणि हिवाळाभर तो चालला. मार्च लागला आणि गोंड गावातली चौघंही येईनाशी झाली. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी शेजारच्या गावाशी सामना ठरलेला होता.

राखीव गोलकीपर म्हणजे बाजारातल्या शिंप्याचा मुलगा. तो एकही दिवस चुकला नव्हता. त्याने विचारलं, "सर, आता गोलात मीच ना?"

नियमाप्रमाणे तोच. पण उंच चेंडू आला की तो डोळे मिटायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलने त्या गावी गेलो. मुलगी आणि तिची आई मोहाखाली फुलं वेचत होत्या.

"पोरगी सरावाला काऊन येत नाई, बाई?"

"मोहा सकाळीच पडते, भाऊ." आईने मान वर केली नाही. "ऊन चढलं का ढोरं खाऊन टाकतेत. तुमचा बॉल संध्याकाळी उडत नाई का?"

"उडते ना. मग संध्याकाळी पाठवा."

"अन् अंधारात वापस येताना अस्वल भेटलं त? त्यालेबी मोहा आवडते."

मुलगी हसली. मग टोपलीत पाहत म्हणाली, "मले काढून टाकलं का, सर?"

"अजून नाही," मी म्हणालो.

निघताना जमिनीकडे लक्ष गेलं. फुलं नीट वेचता यावीत म्हणून लोक मोहाखालचा पाचोळा खराट्याने झाडून ठेवतात. इथे झाडं एका रांगेत होती, त्यामुळे झाडलेली जागाही सलग होती. आमच्या मैदानावर खडे होते, इथे एकही दिसला नाही. वेचून झाल्यावर इथेच खेळलं तर चालेल का, असं विचारलं.

"खेळा ना," आई म्हणाली. "झाड काय नाई म्हणून राह्यलं?"

सोमवारी बाकीची मुलं सायकलींवर डबलसीट तिथे आली. आल्या आल्या त्यांनी चेंडू टाकला आणि न वेचलेली फुलं तुडवली. टाचांखाली चिखल झाला. आईने चेंडू उचलून आपल्या टोपलीत ठेवला. "पहिले वेचा. मंग मारा लाथा."

त्या दिवशी सगळ्यांनी फुलं वेचली. पुढे तेच रोजचं झालं, कारण जितकं लवकर वेचून होई तितका जास्त वेळ खेळायला मिळे. बंगाली गावातली मुलं वेचण्यातही पैज लावू लागली. गोंड गावातली चौघं रोज हजर असत. उशीर झाला तर तो आता बाजारातल्यांना होई आणि मुलगी ओरडे, "झोपले होते का रे?"

शिंप्याच्या मुलाला तिनेच शिकवलं. ती मोहाचं फूल उंच फेकायची आणि तो ते झेलायचा. "डोळे मिटले का फूल नाकावर पडते," ती म्हणायची. आधी बरीच नाकावरच पडली.

सामन्याच्या सकाळी शिंप्याच्या मुलाने पुन्हा विचारलं, "गोलात कोण, सर?" आठवडाभर दोघंही आले होते. पहिला हाफ तो, दुसरा ती, असं ठरलं. त्याने हातमोजे घातले.

पहिल्या हाफमध्ये एक गोल खाल्ला, पण एक उंच चेंडू त्याने उघड्या डोळ्यांनी पकडला. दुसऱ्या हाफमध्ये तिने एकही जाऊ दिला नाही. आमच्याकडूनही एक झाला. सामना बरोबरीत सुटला. परतताना दोघं एकाच सायकलवर होती आणि हातमोज्यांवरून भांडत होती.

पुढच्या फाल्गुनात मुलीची आई बाजारात आली होती. शिंप्याच्या मुलाने दुकानातूनच हाक मारली, "बाई, मैदान झाडलं का?"

"आमी झाडूनच राह्यलो," ती म्हणाली. "टोपली घेऊन येजो."