सेन्सर आणि त्याचा भोंगा

मे महिन्यात वाडीच्या क्रिकेट सामन्यांसाठी मी देवळामागच्या भोंग्याची बॅटरी काढून नेली आणि तिच्या जागी माझ्या दुकानातली मेलेली बॅटरी बसवली. कुणाला विचारलं नाही. लाइट गेली होती, मुंबईकरांचा संघ फलंदाजीला आला होता आणि समालोचक मी होतो. माझा आवाज बंद पडला तर पोलादपूर तालुक्याचं मोठं नुकसान होईल, अशी माझी तेव्हा समजूत होती.

भोंगा सेन्सरचा. खरं नाव दीपक, पण ते त्याची आई आणि त्याची कंपनी सोडून कुणी वापरत नसे. पुण्यातल्या कंपनीचं सॉफ्टवेअर तो लॉकडाऊनपासून आमच्या वाडीत बसून लिहायचा. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की त्याचा दुसरा दिवस सुरू. ओटीवर सोल्डरिंगचा धूर, वायरींचा गुंता आणि श्रीखंडाच्या डब्यात बसवलेलं पाऊस मोजायचं यंत्र.

"दिवसभर तेच, नि रिकाम्या वेळेत पण तेच? कंटाळा नाय येत?" मी विचारायचो.

"कंपनीत लिवलेलं कुठं जातं ते मला दिसत नाय," तो म्हणायचा. "हितं दिसतं."

पोलादपुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याचा सुटा माल मीच आणून द्यायचो, त्यामुळे मी स्वतःला त्याचा भागीदार समजत होतो. एकदा त्याने शेजारच्या तात्यांच्या म्हशीच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधला. मी तो गिऱ्हाइकांपुढे मिरवायला उचलला आणि एसटीत विसरलो. तात्या फोन बघून ओरडले, "मेल्यांनो, माझी म्हस पाचाडला काय करते?" म्हैस त्यांच्या पाठीशी उभी राहून रवंथ करत होती. सेन्सर रागावला नाही. "यंत्र बरोबर हाय," म्हणाला. "पट्टा पाचाडलाच हाय. बाळ्या, आकडा कधी फसवत नाय. माणूस फसवतो."

तालुक्याशेजारच्या तळीये गावावर दरड कोसळली आणि त्याने म्हशींचा नाद सोडला. आमच्या वाडीच्या डोक्यावर डोंगराला एक भेग होती. तिच्या कडेला त्याने तीन खांब रोवले. खांब कलले की त्याच्या फोनवर इशारा यायचा आणि फोनवरूनच तो भोंगा वाजवायचा. दर शनिवारी वाजवून बघायचा. बायका वैतागल्या. "तुझ्या बोंबलण्यान म्हशी आटल्या रे!" मीही हसत त्यांचीच री ओढली. शेवटी त्याने वाजवणं बंद केलं. फोनवर बॅटरीचा आकडा तेवढा बघायचा.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मेलेली बॅटरी नुसती बसून असेल तर आकडा चांगला दाखवते. काम सांगितलं की मान टाकते. हे सेन्सरला ठाऊक होतं, पण तिथे मेलेली बॅटरी आहे हे ठाऊक नव्हतं. मला दोन्ही ठाऊक होतं. सामने संपल्यावर चांगली बॅटरी परत लावायची होती. उद्या जाऊ, परवा जाऊ. मग पाऊस लागला आणि माझ्या डोक्यातून ते निघूनच गेलं.

जुलैत चार दिवस पावसाला खळ नव्हता. दुपारी लावणीवरची माणसं जेवायला घरी आली होती. मी दुकानात होतो, त्यामुळे पुढचं तात्यांनी सांगितलेलं. सेन्सर मीटिंगमध्ये होता तोच खांब कलले. त्याने भोंगा सुरू केला. भोंगा गळा धरलेल्या कोंबड्यासारखा एकदाच केकाटला आणि गप्प झाला. मग सेन्सर ताट-पळी बडवत पावसात धावला. वाडीत अकरा घरं. आधी आईला बाहेर काढलं, मग भोंग्याने एका दमात केलं असतं ते एकेक दार ठोकत केलं. दहा घरांची माणसं ओढ्यापलीकडच्या शाळेत पोचली. सगळ्यात वरच्या घरात बहिरी भागीआजी एकटी होती. तिला आणायला तो परत वर गेला.

दोघंही तिसऱ्या दिवशी सापडली.

भोंग्यात पाणी गेलं असणार, असं लोक म्हणाले. मीही मान हलवली. शोकसभेत माइक माझ्याच हातात दिला. मी बोललो, आणि वाईट म्हणजे चांगलं बोललो. माणसं रडली. एकाने येऊन माझी पाठ थोपटली.

वर्षभराने धीर करून काकींकडे, म्हणजे सेन्सरच्या आईकडे गेलो. वाडीची माणसं आता पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. काकी दारात तांदूळ निवडत होत्या. मी सामन्यांपासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांचे हात थांबले नाहीत, म्हणून मी आणखी बोलत राहिलो. शेवटी म्हणालो, "काकी, मला झोप लागत नाय."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मला लागत होती रे," त्या म्हणाल्या. "पावसान नेला, देवान नेला, असा म्हनून लागत होती. तुझी उडाली म्हनून माझी पन उडवाय आलास?"