धुराचं सर्टिफिकेट

मी शिकलो तो माझ्या दगडूमामांमुळे. नोकरी लागताच लातुरात जुनी डिझेल जीप घेऊन त्यांना माहूरला नेईन, असं मी कबूल केलं होतं.

क्लासेसच्या गल्लीत धूर तपासणारा एक म्हातारा बसायचा. नोकरी लागल्यावर मी एक जीप पाहिली; विकणाऱ्याकडे धुराचं सर्टिफिकेट होतं, तरी मी गाडी त्या म्हाताऱ्याला दाखवली. त्यानं सायलेन्सरपुढे आपला पांढरा रुमाल धरला आणि काळा झालेला रुमाल शांतपणे घडी करून खिशात घातला.

“घेऊ नका, सर. इंजिन गेलंय.”

“पण सर्टिफिकेट आहे ना?”

“हाव, मीच दिलंय. म्हणून तर सांगून राहिलो.”

इतका प्रामाणिक लबाड मला पुन्हा भेटला नाही.

मी पत्र टाकलं : ‘मामा, जीप घेतली नाही. माहूरला एसटीनं जाऊ. धूर तीही सोडते, पण तो सरकारी आहे.’