हरिश्चंद्रकाकांचे टेकू

आमच्या आगरच्या हरिश्चंद्रकाकांना जुन्या पद्धतींचा भारी तिटकारा. चिकूच्या वाडीत घर बांधताना त्यांनी वरच्या मजल्यासाठी काँक्रीटचे तयार पॅनल कारखान्यातून मागवले. "टेकू नकोत की फळ्या नकोत," असं ते डहाणूच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवायचे. क्रेन आली आणि दुपारच्या आत स्लॅब चढला.

संध्याकाळी स्लॅबचं मटण खायला अख्खी आळी आली, पण अंगणातच थांबली. सकाळी चढवलेल्या स्लॅबखाली, तोही बिनटेकूचा, बसायला कोणी तयार होईना. काका समजावून थकले. मटण निवायला लागलं तसं त्यांनी चिडून वाडीतले बांबू आणवले आणि खोलीभर मातीत पुरले. एकही बांबू वर टेकत नव्हता, सगळे वीतभर आखूड. तरी लोक निर्धास्त आत येऊन पोटभर जेवले. काका त्यांच्या अडाणीपणावर आठवडाभर हसत होते.

पुढे फरशी बसवताना सगळे बांबू उपटले. काकांच्या पलंगाशेजारचा एक मात्र अजून उभा आहे.

"हा कशाला ठेवलात?" मी विचारलं.

"टॉवेल वाळत घालायला," काका म्हणाले.

बकुळाकाकू टॉवेल अजूनही अंगणातल्या दोरीवरच घालते.