खानावळीच्या माडीवरचा डॉक्टर

मनाच्या आजारांवर अख्ख्या कोल्हापुरात सर्वांत मोठ्या आवाजात उपचार करणारा माणूस म्हणजे माझा शाळासोबती डॉक्टर. पक्का जैन. कांदा-लसूण वर्ज्य, दिवस मावळायच्या आत जेवण. आणि दवाखाना थाटला तो मटणाच्या खानावळीच्या माडीवर! खालून फोडणीचा ठसका आला की हा नाकाला रुमाल लावून पेशंट तपासतो. दुसरी जागा मिळत नव्हती का, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "मिळत हुती की. पण मनाच्या डॉक्टरचा जिना कोण चढंल? हितं माणूस बिनघोर येतंय. घरात सांगतंय, जेवायला गेलतो."

"शांत व्हा!" हे तो अशा आवाजात सांगतो की खाली जेवणाऱ्यांचे घास हातात राहतात. तरी पेशंट शांत होतात, हे विशेष. कसबा बावड्याच्या एका कारकुनाची झोप उडाली होती. त्याला यानं दीर्घ श्वास शिकवला आणि वर, मोबाईल घरात ठेवून रोज संध्याकाळी म्हैस धुवायला सांगितलं. कारकुनाला झोप लागू लागली आणि म्हैस गल्लीत सर्वांत देखणी झाली.

लोकांच्या लाजेखातर एवढं सोसणारा हा गृहस्थ कागदावर मात्र खोटं अक्षर लिहीत नाही. कुणी "टेन्शन हाय" म्हटलं की खवळतो. "ते कुणाला न्हाय? कधीपास्नं, झोप येती का, छाती कवा धडधडती, ते सांग!" सगळं विचारून झाल्याशिवाय आजाराला नाव देत नाही. लेकीची परीक्षा टळावी यासाठी तिच्या कागदावर डिप्रेशन लिहा म्हणून चंदगडची एक बाई हटून बसली, तर यानं 'आजार नाही, परीक्षेची भीती' एवढंच लिहिलं.

गेल्या वर्षी तो जिना मीही चढलो. शिकवताना मध्येच छाती धडधडे, घाम फुटे, आता मरतोच असं वाटे. हृदय तर ठणठणीत निघालं होतं. रजा हवी होती, पण शाळेत कळलं तर? वेड्या मास्तरच्या वर्गात कोण मूल ठेवील? मी काकुळतीला येऊन म्हणालो, "टायफॉइड लिही की रे."

"लिवतो की. मग गोळ्या बी टायफॉइडच्याच खा!" तो गरजला. मग जन्मात पहिल्यांदा आवाज उतरवून म्हणाला, "मास्तर, खोटं नाव लिवलं तर उद्या दुसरा डॉक्टर भलतंच तपासत बसंल. आणि तुला बी जन्मभर वाटंल, आपलं कायतरी लपवण्यासारखं हाय. तसलं काय न्हाय ते."

सर्टिफिकेटवर त्यानं 'पॅनिक डिसऑर्डर' असं स्वच्छ लिहिलं. ते मी मुख्याध्यापकांपुढे घडी घालूनच ठेवलं. त्यांनी वाचलं आणि उठून दार लावून घेतलं. संपलं सगळं, असं मला वाटलं. ते पुन्हा खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "आमचा थोरला लई दिवस झालं खोलीतनं भाईर येत न्हाय. पावण्यांना आमी सांगतो, पुण्याला शिकतोय. तुमचा डॉक्टर बघंल व्हय त्याला?"

"बघंल की, सर," मी म्हणालो, आणि मला रडूच आलं. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसून चहा प्यायलो, आणि दोघांनाही वाटत होतं की असलं काही फक्त आपल्याच घरी आहे.